कालचीच पाखरं का ही?

आक्षीला सुरूच्या बनातून वाळूत उतरलं की डाव्या हाताला एक मावशी जाळं निवडत बसलेल्या असतात. सप्टेंबर लागला की त्यांचे मला रोज दोन प्रश्न ठरलेले. पहिला सोपा: "आज किती रं पाखरं?" वहीत बघून मी आकडा सांगतो. दुसरा अवघड: "कालचीच ना ती?"

सुरुवातीची दोन वर्षं मी बेधडक "हो" म्हणायचो. काल ४० होती, आज ४२ आहेत, म्हणजे तीच असणार, दोन कुठून तरी येऊन मिळाली असतील. पुढे कळलं की मावशींनी सहज बोलता बोलता स्थलांतराच्या मोजणीतला सगळ्यांत किचकट प्रश्न विचारला होता. हा लेख त्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देण्याच्या खटपटीबद्दल आहे.

आधी जागा सांगतो. आक्षी अलिबागहून रेवदंड्याकडे जाताना लागतं. मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांपैकी एक, शके ९३४ चा म्हणून सांगितला जाणारा, इथलाच. पाखरांना मात्र शिलालेखाचं काही नाही. त्यांना हवी असते ओहोटीला उघडी पडणारी सपाट, ओलसर वाळू आणि तिच्यातले किडे, बारीक शिंपले, खेकड्यांची पिल्लं. समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं की उजवीकडे कुलाबा किल्ला. इथल्या वाळूचा ठरलेला एक तुकडा मी रोज चालतो. पक्षीनिरीक्षक याला 'पॅच' म्हणतात. पोस्टमनची बीट असते तसंच हे. पोस्टमन दुसऱ्याच्या बीटवर पत्रं टाकायला जात नाही, मीही पलीकडच्या किनाऱ्यावर शंभर पक्षी दिसले तरी ते माझ्या वहीत लिहीत नाही.

आता मोसम. पंचांगातला शरद ऋतू आश्विन-कार्तिकाचा, पण पक्ष्यांचा शरद आषाढ-श्रावणातच लागतो. इकडे पाऊस कोसळत असतो आणि तिकडे सैबेरियाच्या टुंड्रात किंवा तिबेटच्या पठारावर पिल्लं वाढवून मोकळे झालेले, किंवा ज्यांची अंडी वाया गेली असे पक्षी परतीला निघालेले असतात. जुलैच्या अखेरीस आक्षीला पहिले येतात ते हेच, बहुतेक सगळे प्रौढ. काहींच्या छातीवर विणीच्या हंगामातला विटकरी रंग अजून शिल्लक असतो, धुवून फिका पडलेल्या शर्टासारखा. पिल्लं त्यांच्या मागून, साधारण महिनाभराने येतात. अनेक जातींत आईबाप आधीच निघून गेलेले असतात आणि दोन-तीन महिन्यांची पोरं, कधीही न पाहिलेल्या किनाऱ्याकडे, वाट दाखवायला कुणी नसताना उडत येतात. दिशा आणि अंतर त्यांच्या जन्मजात हिशोबात असतं. २०२२ च्या ऑक्टोबरात उपग्रह-टॅग लावलेला गॉडविट जातीचा एक पक्षी अलास्काहून टास्मानियापर्यंत सुमारे १३,५६० किलोमीटर, ११ दिवस, कुठेही न उतरता उडाला. तो जेमतेम पाच महिन्यांचा होता.

प्रौढ आणि पिल्लू ओळखता येणं मोजणीत फार कामाचं ठरतं, ते पुढे येईलच. ओळखायची खूण अशी: पिल्लाची सगळी पिसं एकदम उगवलेली, म्हणून कोरी, आणि प्रत्येक पिसाला फिकट किनार. पाठ खवल्याखवल्यांची दिसते. प्रौढाची पिसं प्रवासाने आणि उन्हाने झिजलेली, अर्धी जुनी अर्धी नवी. शाळा सुरू होताना पहिलीतली मुलं आणि चौथीतली मुलं गणवेशावरून ओळखता येतात, तसंच.

आमच्या किनाऱ्यावर सगळ्यांत जास्त असतात ते सँड प्लोव्हर, म्हणजे चिखल्यांच्या कुळातला वाळूवरचा पक्षी. पुढे मी त्याला नुसतं चिखल्या म्हणतो. चिमणीपेक्षा थोडा मोठा, डोळे टपोरे. चार पावलं धावणार, थांबणार, टोचणार. हे आर्क्टिकचे नव्हेत. लडाख, तिबेट, पामीर अशा उंच पठारांवर ते वीण करतात आणि हिमालय ओलांडून येतात. हिवाळ्यात मांडव्याच्या लाँचमागे उडणारे तपकिरी डोक्याचे कुरवही लडाखच्या आणि तिबेटच्या तळ्यांवरचे. (त्यांना वेफर्स टाकणाऱ्या प्रवाशांशी मी पूर्वी वाद घालायचो. आता घालत नाही, पण कुरवांच्या आहारात बटाटा नव्हता एवढं नोंदवून ठेवतो.)

तर मोजायचं कसं? पहिली अडचण पक्षी नव्हे, चंद्र.

मी नोकरदार माणूस, साडेनऊला निघावं लागतं, म्हणून रोज सकाळी सातला किनाऱ्यावर. पहिल्या मोसमानंतर मी आकड्यांचा आलेख काढला, तर सुंदर लाटा दिसल्या. पंधरा दिवसांनी चढ, मध्ये उतार, पुन्हा चढ. मला वाटलं, पक्षी पंधरवड्या-पंधरवड्याने तुकड्यांत येतात, मोठा शोध लागला! शोध वगैरे काही नव्हता. ती भरती-ओहोटी होती.

कोकणात भरतीची वेळ काढायला घड्याळ लागत नाही, तिथी लागते. तिथीची पाऊणपट करायची की पूर्ण भरतीची वेळ मिळते. एकादशीला ११ ची पाऊणपट सव्वाआठ. त्रयोदशीला पावणेदहा. पौर्णिमेला सव्वाअकरा. म्हणजे भरती रोज पाऊण तास, नेमकं म्हणायचं तर ५० मिनिटांच्या आसपास पुढे सरकते. मी रोज सातलाच जात असलो तरी समुद्र रोज वेगळ्या जागी असतो. प्रतिपदा-द्वितीयेला सकाळी सातला ओहोटी खोल गेलेली, पाणी दूर, आणि पक्षी पार त्या टोकापर्यंत ठिपक्यांसारखे पसरलेले. दुर्बिणीतूनही निम्मे सुटतात. एकादशी ते त्रयोदशीला सातला पाणी चढत असतं. वाळू आक्रसत जाते, आणि इकडेतिकडे विखुरलेले पक्षी भरतीच्या रेषेमागे एकाच पट्ट्यात जमतात, दाटीवाटीने, वाऱ्याकडे तोंड करून. मोजायला याहून चांगली वेळ नाही. आणि उधाणाच्या ऐन भरतीला वाळूच उरत नाही, तेव्हा ते खाडीच्या आत किंवा खडकांवर निघून जातात आणि किनाऱ्यावर शून्य. पक्षी तेवढेच, आकडे तीन.

यावर दोन उपाय. एक, रोज भरतीच्या ठरावीक वेळेआधी जायचं, म्हणजे जाण्याची वेळ रोज बदलायची. ते निवृत्त माणसाला जमेल. दुसरा, वेळ तीच ठेवायची आणि तिथी लिहायची. मी तेच करतो. भाद्रपदातल्या एकादशीची तुलना आश्विनातल्या एकादशीशी. अष्टमीची अष्टमीशी, कारण तेव्हा भांग असतो, पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही. एकादशीच्या आकड्याशेजारी प्रतिपदेचा आकडा ठेवून "पक्षी घटले" म्हणणं म्हणजे पंढरपुरात आषाढी एकादशीला डोकी मोजायची, मग एखाद्या साध्या मंगळवारी मोजायची आणि वारकरी कमी झाले म्हणायचं.

दुसरी अडचण आपला डोळा. पन्नासपर्यंत माणूस एकेक करून मोजतो. त्यापुढे थवा हलतो, आपण चुकतो. म्हणून आधी दहा मोजायचे, त्या दहांनी दुर्बिणीत किती जागा व्यापली ते डोळ्यांत बसवायचं आणि तेवढा तुकडा थव्यावर पुढे पुढे ठेवत जायचं. मोठा थवा असेल तर तुकडा पन्नासचा. नवख्यांना वाटतं आपण फुगवून सांगू. होतं उलटंच. मोठे थवे माणूस जवळजवळ नेहमी कमी मोजतो. एकदा सुरयांचा, म्हणजे टर्न पक्ष्यांचा, बसलेला थवा मी ३०० लिहिला. घरी फोटो मोठा करून पेनने एकेकावर ठिपका दिला तर ठिपके भरले पावणेपाचशेच्या वर. तेव्हापासून महिन्यातून एकदा मी स्वतःची अशी परीक्षा घेतो. आधी अंदाज लिहायचा, मग ठिपके. मी किती चुकतो हे कळलं आणि दरवेळी तेवढाच चुकत राहिलो, तरी आकडे एकमेकांशी ताडून पाहता येतात.

कुत्री, घोडागाड्या आणि शनिवार-रविवारच्या वाळूत फिरणाऱ्या मोटारी यांनी थवा उठतो आणि पुढे जाऊन बसतो. पुढे गेल्यावर तोच थवा पुन्हा मोजला जायची भीती. म्हणून नियम: चालायचं एकाच दिशेने, मागून उडून पुढे गेलेले वजा करायचे, परतताना काहीही मोजायचं नाही, कितीही मोह झाला तरी. रविवारचे आकडे मी लिहितो, पण त्यांच्यापुढे 'र' असतो. ते पक्ष्यांपेक्षा पर्यटनाबद्दल जास्त सांगतात.

शून्यही लिहायचं. नव्या माणसाला याचं मोल पटत नाही. ऑक्टोबरात ऑयस्टरकॅचर, म्हणजे लाल चोचीचा शिंपलेफोड्या, क्वचित दिसला की वहीत ठळक अक्षरांत येतो. पण तो न दिसलेल्या दिवसांपुढे काहीच लिहिलं नसेल, तर "नव्हता" की "पाहिलंच नाही" हे दहा वर्षांनी कोण सांगणार? ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी भरताना किती मिनिटं, किती अंतर आणि 'दिसलेल्या सगळ्या जाती लिहिल्या का' हे विचारतात ते यासाठीच. यादी पूर्ण असेल तरच तिच्यात नसलेल्या पक्ष्याचं नसणं धरता येतं.

आतापर्यंतचं सगळं बसलेल्या पक्ष्यांचं. उडत पुढे जाणाऱ्यांचा हिशोब वेगळा. माळभिंगऱ्या, निळ्या शेपटीचे वेडे राघू, नोव्हेंबरात क्वचित अमूर ससाणे. ससाण्यांचं मला विशेष कौतुक: नागालँड-मणिपूरमधून निघून ते भारताचं द्वीपकल्प आणि मग अरबी समुद्र पार करून सोमालियाकडे जातात, टॅग लावलेल्या पक्ष्यांवरून ही वाट कळली. असे पक्षी मोजायला चालायचं नाही, उभं राहायचं. सुरूच्या एका झाडापासून पाण्यातल्या एका खांबापर्यंत मनात रेघ ओढायची. रेघ ओलांडून दक्षिणेकडे गेलेला अधिक एक, उत्तरेकडे परत आलेला उणे एक. अर्ध्या तासाने जी बाकी राहील ती लिहायची. हे उणे करायला लोक विसरतात, आणि मग तीच वीस भिंगऱ्यांची टोळी उडत्या किड्यांमागे घिरट्या घालत सकाळभरात दोनशे होते.

हवेचं गणित सगळ्यांत उलटं. साधी समजूत अशी की ज्या दिवशी जास्त पक्षी जात असतील त्या दिवशी जास्त दिसतील. पण आकाश निवळलेलं आहे, रात्री उत्तरेकडून पाठीवर वारा आहे, तर पक्षी आक्षीला उतरतीलच कशाला? ते वरून, उंचावरून, अंधारात निघून जातात आणि सकाळी किनारा ओकाबोका. याउलट परतीच्या पावसाचा एखादा गडगडाट झाला, समोरून वारा आला, की उडणारे खाली उतरतात आणि वाळू भरून जाते. मुंबईतून मोसमी पाऊस माघार घेण्याची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर. तिच्या आगेमागे हा खेळ रोज बदलतो, म्हणून माझ्या वहीत तिथीशेजारी वारा असतो: मतलई की खारा, जोर किती, ढग किती. म्हणजे कमी आकड्याचे दोन अर्थ होतात, पक्षी नाहीत किंवा पक्षी मजेत निघून गेले. कुठला अर्थ खरा, ते वारा सांगतो.

आता मावशींचा दुसरा प्रश्न.

समजा, सप्टेंबर आणि ऑक्टोबर मिळून ६० दिवस मी रोज १०० चिखल्या मोजले. आलेख सपाट. मग या मोसमात आक्षीला एकूण किती चिखल्या आले? पहिलं उत्तर सुचतं: १००. पण तेच शंभर दोन महिने राहिले तरच ते बरोबर. एसटी स्टँडवर सकाळी सातला रोज ८० माणसं असतात, म्हणून त्या गावातून महिन्याला ८० माणसांनीच प्रवास केला असं कुणी म्हणत नाही.

यासाठी एक हिशोब आहे, आणि रोजगार हमीवर काम केलेल्या कुणालाही तो लगेच समजेल. तिथे 'मनुष्यदिवस' मोजतात. दहा माणसं सहा दिवस आली काय, वीस माणसं तीन दिवस आली काय, मनुष्यदिवस साठच. तसे आपले पक्षी-दिवस: १०० गुणिले ६०, म्हणजे ६,०००. याला एक पक्षी सरासरी किती दिवस थांबतो त्याने भागायचं. साठही दिवस थांबत असेल तर १०० पक्षी. दहा दिवस थांबून पुढे जात असेल तर ६००. चारच दिवस थांबत असेल तर १,५००. वही तीच, आकडे तेच, आणि उत्तर शंभरापासून दीड हजारापर्यंत कुठेही. कमाल आकडा, म्हणजे मोसमातल्या सगळ्यांत भरलेल्या सकाळचा आकडा, हा फक्त तळ असतो. त्याहून कमी आले नाहीत एवढंच तो सांगतो.

मग थांबण्याचे दिवस कळायचे कसे? त्यासाठी एकेक पक्षी ओळखू यायला हवा. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीसारख्या संस्था पक्ष्यांच्या पायात वाळी घालतात, काहींना रंगीत प्लास्टिकची छोटी पताका, जिच्यावरची अक्षरं दुर्बिणीतून वाचता येतात. असा पक्षी दिसला की तारीख लिहायची, शेवटचा दिसला की तारीख लिहायची. मधले दिवस हा त्याचा किमान मुक्काम. किमान यासाठी की आपण पाहण्याआधीही तो दोन दिवस आलेला असू शकतो.

माझ्या पट्ट्यात पताकावाले फार येत नाहीत. पण एका मोसमात लंगडा आला. चिखल्याच, प्रौढ, उजव्या पायाची बोटं गेलेली. जाळ्याचा नायलॉनचा धागा गुंतून असं होतं, घोट्यापाशी धाग्याचा करकोचा अजून दिसत होता. (नवख्यांसाठी इशारा: हे पक्षी विसावा घेताना एक पाय पोटात ओढून उभे राहतात, आणि जागचे हलवले तर आळसाने एका पायावर टुणटुणत पळतात. मी पहिल्या वर्षी अर्धा किनारा लंगडा ठरवला होता.) हा मात्र खरा लंगडा. धावताना आखूड पाय टेकायचा, वाळूत एका बाजूला तीन बोटांचा ठसा, दुसऱ्या बाजूला नुसता गोल खड्डा. मावशींनाही दाखवला. त्यानंतर त्या "लंगडा आला का?" असं विचारू लागल्या.

तो मी १४ दिवस ओळीने पाहिला. लगेच मनात आलं, सरासरी मुक्काम १४ दिवस! पण लंगड्यावरून धडधाकटांचा हिशोब करणं धोक्याचं. त्याला पोट भरायला जास्त वेळ लागत असणार, पुढच्या टप्प्यासाठी अंगावर चरबी चढायला जास्त दिवस लागत असणार. लांब उड्डाणाआधी हे पक्षी भरपूर चरबी साठवतात, काही जातींचं वजन जवळजवळ दुप्पट होतं. ज्याला खाणंच जड जातं तो उशिरा निघणार. म्हणून १४ हा आकडा मी वहीत चौकटीत लिहिला आणि कुठल्याही भागाकारात वापरला नाही.

अशी कित्येक वह्यांतली माहिती एकत्र आली की तिचं मोल वेगळं होतं. भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा २०२३ चा अहवाल ३० हजारांहून जास्त पक्षीनिरीक्षकांच्या ३ कोटींहून जास्त नोंदींवर उभा आहे. ९४२ जातींचा त्यात विचार झाला, आणि जास्त घट झालेल्या गटांत आमचे हे स्थलांतरित किनारपक्षीही आहेत. १९८७ पासून दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, तीही मोलाची. फक्त तिचा प्रश्न वेगळा आहे. जानेवारीत पक्षी हिवाळ्यासाठी स्थिरावलेले असतात, तेव्हा 'किती आहेत' हे विचारता येतं. सप्टेंबरात 'किती येऊन गेले' हे विचारावं लागतं, आणि ते एका दिवसाच्या मोजणीतून निघत नाही.

लंगडा गेला ती सकाळ सप्टेंबरच्या अखेरची. आदल्या दिवसापर्यंत पाऊस होता, रात्री उघडलं होतं, मतलई छान सुटला होता. मी चिखल्या मोजले: ८६. आदल्या दिवशी ८७ होते. एरवी मी वही मिटून निघालो असतो. पण लंगडा दिसेना, म्हणून त्याला शोधत पुन्हा एकेकाची पाठ पाहिली आणि प्रौढ आणि पिल्लं वेगळी लिहिली. कालही तशीच वेगळी लिहिली होती, तेव्हा ८७ मध्ये पिल्लं ११ होती. आज ८६ मध्ये ३४. म्हणजे रात्रीतून किमान २३ पिल्लं नवीन उतरली होती. आणि प्रौढ काल ७६ होते, आज ५२, म्हणजे किमान २४ निघून गेले होते. ८७ चे ८६ झाले त्यात एवढी उलथापालथ लपलेली होती. जी प्रौढाच्या जागी प्रौढ आणि पिल्लाच्या जागी पिल्लू अशी झाली असेल, ती तर या वजाबाकीतही धरता येत नाही.

"किती रं?" मावशींनी विचारलं.

"शहाऐंशी."

"कालचीच ना?"

"नाही मावशी. निदान तेवीस नवी आहेत. कालची चोवीस गेली. लंगडा पण गेला."

त्यांनी जाळ्यातून मान वर करून वाळूकडे पाहिलं. "मग असं सांग की," म्हणाल्या, "शहाऐंशी काय सांगतोस."